मेरूची कबुतरं

गुरमेज सिंगांच्या गच्चीवरच्या ढाबळीतली सगळी कबुतरं मेरूची होती. मेरू गाव सोडून गेला त्याला पंचावन्न वर्षं होत आली, आणि कबुतर काही माणसाएवढं जगत नाही. पण त्याच कबुतरांच्या पोटची, मग त्यांच्या पोटची, असं करत घराणं चालत आलं होतं. कोणी कौतुक केलं की गुरमेज सिंग म्हणत, "माझं काही नाही त्यात. ठेव आहे."

मेरू म्हणजे मेराजदीन, शेजारच्या विणकराचा मुलगा. दोघांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत, ती उड्या मारून मारून दोघांनी गुळगुळीत केलेली. उन्हाळ्यात पहाटे कबुतरं सोडायची आणि मान मोडेस्तोवर आभाळाकडे बघत बसायचं. ती इतकी वर जात की डोळ्यांत पाणी यायचं तरी ठिपका दिसत नसे. मग मेरू दोन बोटं तोंडात घालून शीळ घाली, आणि कुठून कोण जाणे, एकेक करत सगळी खाली येत. गुरमेजची आई कोठीतली बाजरी मोजून ठेवायची, तरी ती कमी व्हायचीच. "त्या दोघांनाच ढाबळीत कोंडा आणि कबुतरांना जेवायला वाढा," असं ती गल्लीभर सांगे. ते दिवस आठवले की म्हातारपणीही गुरमेज सिंगांना हसू येई. तेवढं सुख पुढे त्यांना कशातच मिळालं नाही.

सत्तेचाळीसच्या भादव्यात मेरूचं बिऱ्हाड नूरवालला गेलं. लांब नव्हे, दोन कोसांवर. पण मध्ये आता दुसरा देश सुरू होत होता. दोन करंड्यांत कबुतरं घेऊन मेरू बैलगाडीत बसला. दोन दिवस गेले नाहीत तोच सगळी कबुतरं परत, कुलूप लागलेल्या घराच्या कठड्यावर रांगेत बसलेली. गुरमेज आधी खूप हसला, आणि मग त्याला रडू आवरेना.

त्या दिवसांत सीमा म्हणजे नुसते चार दगड होते. कालव्यावर दोघं भेटले.

"अरे गाढवा, पंख बांधायचे नाहीत का?" गुरमेज म्हणाला.

हे त्यांच्याकडचं पोरसुद्धा जाणतं. कबुतर नव्या घरी नेलं की पंखाची पिसं मऊ दोऱ्याने बांधून ठेवायची. तिथे त्याची जोडी जमली, मादी अंड्यावर बसली, की मग दोरा कापायचा. त्यानंतर ते घर त्याचं. नाही बांधले, तर ते पहिल्या उड्डाणाला जुनं घर गाठतं.

"पंख बांधतो तो कायमचा जाणारा," मेरू म्हणाला. "मी काय कायमचा गेलोय? गहू पेरायच्या आत येतो. तोवर सांभाळ."

तो आला नाही. दगडांच्या जागी चौक्या आल्या, दोन लढाया होऊन गेल्या, मग तारेचं कुंपण आलं. कोणाच्या तरी हाती येणारे निरोपही थांबले. ढाबळ मात्र गुरमेज सिंगांनी एक दिवस रिकामी राहू दिली नाही.

मग दोन हजार दोनचा उन्हाळा उजाडला. संसदेवर हल्ला झाल्यापासून दोन्हीकडची फौज समोरासमोर येऊन बसली होती. गहू निघाला नाही तोच लष्कराने उरलेल्या शेतांतही सुरुंग पेरले. तोफांची गावाला सवय होती, पण या वेळी रेडिओवर अणुबॉम्बचं नाव निघत होतं आणि पिंपळाखाली दुसरा विषय नव्हता.

"आपला लाहोरवर पडला तर?" कोणीतरी विचारलं.

निवृत्त हवालदार जगीर सिंग म्हणाला, "लाहोर इथून जेवढं, तेवढंच अमृतसर. त्यांनी टाकला तरी आपण, आपण टाकला तरी आपण. देश कुठलाही जिंको, तेरावं आपलंच."

"तेरावं घालायला तरी कोण उरणार?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. हसून झाल्यावर कोणी कोणाकडे बघेना.

गाव खाली करायचा हुकूम आला आणि ट्रॉल्या भरल्या जाऊ लागल्या. गुरमेज सिंगांचा मुलगा दर्शन खाटा बांधत होता. त्याची बहीण पाशो हिच्या सासरी, बियास नदीच्या पलीकडे जायचं ठरलं होतं.

"बापूजी, चला. करंड्या आणल्यात."

"पंधरा दिवसांची तर गोष्ट. दाणे टाकून ढाबळ उघडी ठेवतो."

"पंधरा दिवस हे तुम्हाला कोणी सांगितलं?" दर्शनचा आवाज चढला. "या उन्हात पाणी कोण घालणार? आणि करंडीतून नेऊन नुसती सोडलीत, तर उडून इथेच येतील. तो बॉम्ब पडला तर परत यायला गाव तरी असेल का? बांधा पंख आणि चला."

गुरमेज सिंग ढाबळीत गेले. दोऱ्याचं रीळ कोनाड्यात होतं. एकेक कबुतर छातीशी धरून ते पिसं बांधू लागले. साठ वर्षांची सवय, पण गाठ बसेना. आपण मेरूचा शब्द मोडतोय असं त्यांना वाटत होतं. त्याच्या घराचं दार आपणच आतून लावून घेतोय असं. पण डोळ्यांपुढे तापलेली रिकामी गच्ची येई, पाण्याचं कोरडं परळ येई, आणि ते पुढचं कबुतर उचलत. शेवटचं बांधून खाली आले तेव्हा दर्शनने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर चालू केला.

पाशोने बापाला काही कमी पडू दिलं नाही. कबुतरं आधी रुसून कोपऱ्यात बसली. मग घुमू लागली. पावसाळ्यात जोड्या जमल्या, अंडी झाली, पिल्लं चोची वासू लागली. दोरे कापले त्या दिवशी कबुतरं वर गेली, घिरट्या घातल्या आणि पाशोच्याच गच्चीवर उतरली. पाशोने आनंदाने शिरा केला. "गोड नाही झाला का, बापूजी?" तिने विचारलं. "झालाय की," ते म्हणाले आणि वाटी तशीच ठेवली.

बॉम्ब काही पडला नाही. दोन्हीकडच्या मोठ्यांनी वर्षभर डोळे वटारले आणि बहुधा दमले. फौजा मागे फिरल्या, दिवाळीनंतर गावही परतलं. घर जसंच्या तसं होतं. कठडा तोच, भिंत तीच गुळगुळीत. शेतात मात्र जवान अजून वाकून वाकून सुरुंग वेचत होते. यंदा पेरणी होणार नव्हती.

गुरमेज सिंगांनी परळ धुऊन भरलं, बाजरी पसरली आणि करंड्या गच्चीवर आणवल्या. जगीर सिंग जिना चढून आला.

"पंख बांधलेत ना?"

"आपल्याच घरी यायला कसले पंख बांधायचे?" गुरमेज सिंग चिडले. "सत्तेचाळीस साली कोणी न सांगता आली होती ही."

"ही नव्हे. ती."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि झाकणं उघडली. कबुतरं फडफडत वर गेली. गावावरून एक फेरी झाली, दुसरी झाली. एक म्हातारी मादी तेवढी कठड्यावर उतरली, मान वाकडी करून तिने ढाबळीकडे पाहिलं आणि तीही उठली. सगळी उगवतीकडे वळली. गुरमेज सिंगांनी दोन बोटं तोंडात घातली. दात पडलेल्या तोंडातून नुसती हवा निघाली.

संध्याकाळी जगीरच्या घरी फोन आला. पाशो होती.

"बापूजी, सगळी इथे आलीत. एकूण एक. काय करू?"

गुरमेज सिंगांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दारातून शेत दिसत होतं. जवान दिवसाचं काम आटोपून निघाले होते आणि त्यांनी रोवलेली लाल निशाणं वाऱ्यावर हलत होती.

"दाणे घाल त्यांना, पुत्तर," ते म्हणाले. "पंख मात्र बांधू नकोस. गहू पेरायच्या आत येतील."