मागच्या सीटचं वजन

आत्माराम मापाड्याने आयुष्यातली एकतीस वर्षं काजूच्या कारखान्यात वजनकाट्यापुढे बसून काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस समोर आला की आधी त्याचं वजन डोळ्यांत भरतं आणि नाव मागाहून आठवतं. सरपंच एक्याऐंशी, त्यातून दोन मोबाइल आणि गळ्यातली चेन वजा. पोस्टमन अठ्ठावन्न. शेजारची गोदूबाई त्रेचाळीस, तोंडाचं वजन वेगळं. बायकोला त्याने कधी काट्यावर उभं केलं नव्हतं. पण मैना बावन्नच्या वर-खाली किलोभर जरी सरकली असती, तरी पाटावर बसताना त्याला ते कळलं असतं.

कळायला ती घरात हवी. मैना डोंबिवलीला, मुलाकडे होती. सुनेच्या बाळंतपणासाठी दीड महिना म्हणून गेली, ते बाळ, वेदिका, आता पहिलीत जात होतं. गणपतीला मुलगा दर्शन गाडी करून सगळ्यांना घेऊन यायचा. पाच दिवस घर भरायचं आणि सहाव्या दिवशी केरसुणीचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. शिवाय मे महिन्यात मैना एकटी एसटीने आठवडाभर यायची. एकूण वर्षाचे बारा-तेरा दिवस. ही बेरीज आत्मारामने केली नव्हती, असं कोणी म्हणू नये.

गेल्या मे महिन्यात तो तिला आणायला हातखंब्याच्या तिठ्यावर स्कूटर घेऊन गेला. घर वरच्या वाडीत, सड्याला, म्हणजे माथ्यावरच्या कातळाला लागून. खालच्या रस्त्यापासून वर जायला अर्ध्या किलोमीटरची घाटी. काँक्रीट झालेली, पण भिंतीसारखी उभी. चौदा वर्षांची ती लहानशी स्कूटर दोघांना घेऊन ऐनाच्या झाडापर्यंत आली आणि घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघरत थांबली. मैनाला उतरावं लागलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात निऱ्या, आणि कडेच्या बांधावर गोदूबाई बसलेली. चाललीस ता बरा झाला वैनी, गाडीक दम लागलो होतो, एवढं म्हणून गोदूबाईने आपलं पुढच्या वर्षभराचं बोलणं जमा करून ठेवलं.

घरी पोचल्यावर मैना पायरीवर टेकली. पदराने गळा पुसला आणि म्हणाली, "अहो, ही गाडी मला बसवून घाटी चढेल ना, त्या दिवशी मी कायमची परत येते. बोलवा मला."

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. आत्मारामला पुकारलेला आकडा लिहून घ्यायची सवय.

तरी पावसाळा गेला, गणपती येऊन गेले, विषय कोणी काढला नाही. मग माघात गोदूबाई चार दिवस मालगुंडला बहिणीकडे गेली. वरच्या वाडीत घरं सहा, त्यातल्या चारांना कुलपं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आत्मारामच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण एकच शब्द बोललो, तोही मांजराला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्कूटर काढली आणि तिठ्यावर विनीतच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

विनीत म्हणजे चौऱ्याहत्तर किलो, पैकी पाव किलो ग्रीस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"तात्या, एकट्याने चढते ना?"

"चढते."

"मग?"

"दोघांनी चढायला हवी."

विनीतने सीटकडे पाहिलं. पुढचं रेक्झिन झिजून पांढरं पडलं होतं, मागचं दुकानातून आणल्यासारखं काळंभोर होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. टायरांत हवा भरली, एअर फिल्टर काढून आपटला तर त्यातून लाल मातीचा ढग निघाला, प्लग साफ केला, आणि आता बघा म्हणाला.

बघायचं कसं, हा प्रश्न होता. मागे बसवायला माणूस नव्हतं. आत्मारामने घरचा टांगून तोलायचा ताणकाटा काढला, पोत्यात भात भरलं, बावन्न किलो तोलून तोंड शिवलं. मग त्याला आदल्या आठवड्यातला व्हिडिओ कॉल आठवला. मैनाचे गाल भरले होते; लिफ्टची बिल्डिंग, जिने चढणं नाही. त्याने शिवण उसवली, आणखी दोन किलो घातले. पोतं मागच्या सीटवर उभं केलं, ते कलंडू नये म्हणून सुंभाने स्वतःच्या कमरेला बांधलं, आणि भर दुपारी, वाडीत कोणी बाहेर नसताना, घाटीला लागला. पोतं पाठीला टेकून बसलं. पाठीला असा भार लागून किती दिवस झाले, हे मात्र त्याने मोजलं नाही.

गाडी ऐनापर्यंत गेली आणि थांबली. बांधावर गोदूबाई होती. ती मालगुंडहून नेमकी त्याच सकाळी परतली होती. वैनी जरा जाडावलीशी दिसते, म्हणाली.

दुसऱ्या खेपेला विनीतने पट्टा बदलला, क्लच घासून दिला. गाडी ऐनाच्या वर वीस पावलं गेली. तिसऱ्या खेपेला त्याने डाव्या बाजूचं झाकण उघडलं, पुली सोडवली आणि सहा छोटे रोलर आत्मारामच्या तळहातावर ठेवले. एकेका बाजूने झिजून चपटे झालेले. मग तो समजावू लागला. गाडी वेग घेते तसे हे पुलीत बाहेर सरकतात आणि पट्टा वरच्या गिअरवर नेतात. जड असले की लवकर सरकतात, चढावर गाडीचा जीव जातो. हलके घातले की उशिरा सरकतील, इंजिन खालच्या गिअरमध्येच जोर लावत राहील. फक्त सपाटीवर बोंबलेल, आणि पेट्रोलही जास्त पिईल.

"किती हलके?" आत्मारामने विचारलं. त्याच्या कामाचा प्रश्न होता.

"हे साडेआठ ग्रॅमचे. सातचे घालू."

सहा गुणिले दीड, नऊ ग्रॅम. चोपन्न किलो वर न्यायचे, तर नऊ ग्रॅम कमी करायचे. एकतीस वर्षांत असा काटा आत्मारामने पाहिला नव्हता. पण त्या दुपारी पोतं कमरेला बांधून तो निघाला, ऐन आला, गाडी ओरडली, ऐन मागे पडला, आणि गाडी थेट अंगणात तुळशीपुढे येऊन थांबली. पोतं न सोडता तो तसाच पाच मिनिटं बसून राहिला.

संध्याकाळी त्याने फोन लावला.

"मैना, गाडी घाटी चढली."

"मागे कोण होतं?"

"भाताचं पोतं. चोपन्न किलो."

"चोपन्न? मी बावन्न आहे."

"होतीस."

ती हसली. ते हसू त्याला इतकं बरं वाटलं की पुढचं काही विचारूच नये असं वाटलं. तिच्या मागे कोणाचा तरी टीव्ही चालू होता, वेदिका पाढे म्हणत होती.

"अहो," मैना हळू म्हणाली, "मला वाटलं नव्हतं ती चढेल."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तेव्हा तसं बोलले. आता काय सांगू?"

मग तिने सांगितलं, भांडण न करता. सकाळी बागेत सहा बायका जमतात, पाच मिनिटं उशीर झाला तर खालून हाका मारतात. मंगळवारी भजन असतं. वेदिका तिच्या कुशीत झोपते. दार उघडलं की समोर माणूस दिसतो. वाडीत आलं की चार दिवसांनी आपलाच आवाज अनोळखी वाटायला लागतो. "तुम्ही असता की," ती म्हणाली, "पण तुम्ही नुसते बघता. माणसाला तोलता. बोलत नाही."

आत्मारामच्या तोंडाशी तीन वाक्यं आली. तिन्ही त्याने तोलून पाहिली आणि तिन्ही परत ठेवली.

"गणपतीला येते," मैना म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो अंगणात आला. पोतं अजून सीटवरच होतं. चढणीचा प्रश्न होता तोवर उत्तर विनीतच्या गॅरेजात मिळण्यासारखं होतं. तेवढी एक अडचण मध्ये होती आणि तिच्या आडोशाने नवरा-बायको दोघंही आठ-नऊ महिने सुखाने बसली होती. ती आत्मारामने स्वतः, तीन खेपा घालून, दूर केली. त्याने पोतं उतरवलं, भात परत कणगीत ओतलं.

आठवड्याने हवा भरायला तो तिठ्यावर गेला. वहिनी कधी येतायत, असं विनीतने विचारलं. आत्माराम गणपतीला म्हणाला. विनीतने हवा भरली, हात पुसले.

"तात्या, जड रोलर घालून देतो. एकट्याला गाडी गप चालेल. असं बोंबलत कशाला फिरता?"

"राहू दे," आत्माराम म्हणाला. "गणपतीचे पाच दिवस हेच लागतील."

परत येताना सपाटीवर गाडी इतकी ओरडत होती की रस्त्याकडेची गुरं मान वर करून बघत. घाटीला लागला. रिकामी गाडी ऐनापाशी थांबायचं काहीच कारण नव्हतं. तरी झाड आलं तसा त्याचा पाय आपोआप खाली टेकला, गाडी थांबली, आणि मान मागे वळली, उतर म्हणायला.

मागे काळंभोर रेक्झिन. त्यावर लाल धूळ बसली होती. त्याने ती हाताने पुसली.

"चढते हा गो आता," तो मोठ्याने म्हणाला. "अगदी अंगणापर्यंत." शब्द घशात खरखरले. त्याने पुन्हा म्हटलं. मग या वर्षी काजूला मोहर बरा आहे हे सांगितलं, आणि मांजर व्यायली आहे, तेही.

"कोणाशी बोलतोस रे, आतमा?" बांधावरून गोदूबाईने विचारलं. या वेळी तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती.

"कोणाशी नाय," तो म्हणाला. "सवय करतोय."

त्याने ॲक्सिलरेटर पिळला. नऊ ग्रॅमने हलकी झालेली गाडी दोघांचा आवाज काढत एकट्याला घेऊन वर निघाली.