हत्तीचे शेपूट

मी एक जुना हत्ती आहे. हाडामांसाचा नव्हे, जाड व्हिनाइलचा. मित्रांनो, पंखा सुरू झाला की माझ्या पोटात वारा भरतो आणि मी उभा राहतो. मुले माझ्या सोंडेवरून घसरतात, पोटात उड्या मारतात. पंखा बंद झाला की मात्र मी बोलता बोलता

असा आडवा होतो. सवय करून घ्या.

अंबरनाथच्या कमळाकर आणि नीलिमा यांनी मला भाड्याने द्यायला आणले, तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. मी जत्रेत गेलो, वाढदिवसांना गेलो. "आई, हत्ती हसतोय!" असे एक मुलगी म्हणाली होती. ते मी अजून जपले आहे. घरी आलो की नीलिमा माझे पाय पुसायची.

पुढे कामे वाढली, पुसणे मागे पडले. रंगपंचमीला मुलांनी मला रंगवून काढले. कमळाकरने नळीने पाणी मारले आणि मला ओलाच गुंडाळला. "उद्या उन्हात टाकू," म्हणाला. मित्रांनो, तो उद्या

थेट खरवई गावात उजाडला, तेजस्वी नावाच्या मुलीच्या वाढदिवसाला. मला उलगडले, तर अंगभर काळी बुरशी. तेजस्वीने नाक दाबले. तिची आई म्हणाली, "भाऊ, यात पोरांना कसं सोडू? घेऊन जा."

घरी आल्यावर कमळाकर म्हणाला, "हा हत्ती पोसणं आता झेपत नाही. उल्हासनगरचा भंगारवाला उद्या टेम्पो घेऊन येतोय."

"मग तुम्हीही बसा टेम्पोत. ओला कोणी गुंडाळला?"

"अगं, पण वास किती मारतोय!"

"तुमच्या मोज्यांइतकाच. ते कुठे मी भंगारात दिले? धुऊन बघते. वास राहिला तर द्या."

सकाळी तिने मला मैदानात पसरले. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडके. कुणीतरी ॲसिड सुचवले. "त्याची कातडी जाईल," ती म्हणाली. कमळाकर आधी नुसताच उभा होता. मग पँट दुमडून तोही बसला. दोघांनी माझी शिवण न् शिवण पुसली.

टेम्पो आला तेव्हा मी उन्हात फुगून उभा होतो. कमळाकर माझ्या पोटात शिरला, कोपऱ्याकोपऱ्यात हुंगून बाहेर आला. वास कुठेच सापडला नाही. नीलिमाने शेपूट पिळले. पाणी टपकले.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं!" भंगारवाला हसला. "काय शेठ, टाकू गाडीत?"

कमळाकरने ते शेपूट स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळले, बाळाचे डोके पुसावे तसे.

"थांब. हे वाळू दे."

"मग देणार?"

"मग चप्पल काढ आणि आत जाऊन एक उडी मार."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला नुसते धुऊ नका, वाळेपर्यंत त्याच्याजवळ थांबा. शेपटीपर्यंत हात फिरवून बघा. आता नीलिमा पंखा बंद करते आहे. घाबरू नका. आज मी कोरडा आहे, म्हणून उद्या