फानबाईची हाक

"शौथ्यानदादा, म्हातारीला बोलवा की," मांडवातून कुणीतरी म्हणालं. "लेकाला आईचा आवाज ऐकू दे."

आमचे हे च्वेहू मांडीवर घेऊन बसलेच होते. दोन तारांचं, लांब दांड्याचं वाद्य. तारेवर बोट सरकवत गज ओढला की माणसासारखं बोलतं. मयतीत मेलेल्या माणसाची हाक त्यावर काढायची, घरच्यांनी रडून मोकळं व्हायचं, मग शवपेटीला खिळे. आमच्याकडे ही रीतच आहे. पण हाक कानांनी ऐकलेलीच काढायची, बनवून नाही, हा ह्यांचा हट्ट. मेल्या हट्टाने घात केला.

गेलेली म्हातारी, फानबाई, आमच्या भिंतीपलीकडची. ह्यांनी गज ओढला आणि वाद्य म्हणालं, "पाणी. ताश्वान, पाणी दे रे."

रडणं एकदम थांबलं. सगळे ताश्वानकडे बघायला लागले. अंगात पांढरे कपडे, हातात मयताच्या लेकाने धरायची सुतकाची काठी.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"अरे, उन्हाळाभर ती हेच तर म्हणत होती," हे म्हणाले. अगदी सरळपणे. त्यात काही वावगं आहे हे ह्यांच्या गावीही नव्हतं. मी पाण्याची वाटी घेऊन गेले तेव्हा ह्याच ताश्वानने मला दारातून ढकललं होतं.

काठी ह्यांच्या कपाळावर मोडली. मग त्याने बाकडं उचललं. ह्यांनी वाद्य पोटाशी धरलं, डावा हात दांड्यावर तसाच. बाकडं त्या हातावर आलं. परत आलं. मी त्याच्या पाठीवर चढले आणि कान चावला, तोंडात रक्त आलं. त्याच्या मेव्हण्याने मला केसांना धरून फरफटत नेलं.

"आमच्या घरात नाक खुपसतोस?" ताश्वान ओरडत होता आणि मारत होता. हाडं मोडताना मी ऐकली. पेटीला धक्का लागला तेव्हा कुठे लोक उठले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तीन बोटं काढली. ह्यांचं सगळं पोट त्या बोटांवर.

"त्यापेक्षा जीभ छाटली असती तर बरं होतं," हे म्हणाले.

"तुमच्या जिभेने कधी कुणाचं पोट भरलंय?" मी म्हटलं आणि आत जाऊन रडले.

थंडीत एका दुपारी ह्यांनी खुंटीवरचं च्वेहू काढलं. एकच बोट नीट चालत होतं. गाणं काही जमेना. बोट सरकवता सरकवता एक शब्द मात्र निघाला.

"पाणी."

भिंतीपलीकडे ताश्वान हापसा मारत होता. हापसा थांबला.

ह्यांनी पुन्हा गज ओढला. मी कणीक मळत होते. ह्यांना अडवलं नाही.