उजवा अंगठा

पुन्हा पंचावन्न. हवे होते साठ.

पडद्यावर एका मिनिटाचं घड्याळ उलटं धावतं, ते शून्यावर आलं की मिनिटाला किती शब्द टाइप झाले ते दिसतं. सकाळपासून मी तेच मिनिट पुन्हा पुन्हा काढत होते. माझी बोटं मंद नाहीत. ती आईने घडवली. तिने उभी हयात बर्नीच्या, म्हणजे आमच्या या छोट्या गावच्या, कोर्टात टाइपिंग केलं, आणि मी शाळेत असताना माझ्या हातांवर भांडी पुसायचा टॉवेल पसरून मला न बघता टाइप करायला शिकवलं. अडत होतं ते तिने लावलेल्या एका सवयीपाशी. टाइपरायटरच्या काळात वाक्य संपलं की उजव्या अंगठ्याने दोन जागा सोडायच्या, असा दंडक होता. आता एकच सोडतात, आणि ही चाचणी दुसरी जागा चूक धरते. त्यात मजकूर लिहिणारा महाभाग चार शब्दांपलीकडे वाक्य नेत नव्हता. कुत्रा गाडीत बसला. गाडी सुरू झाली. कुत्रा खूश झाला. प्रत्येक पूर्णविरामापुढे एक लाल चौकोन.

खरी परीक्षा दुपारी होती, घरूनच द्यायची. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घ्यायचे आणि समोरचा बोलेल ते तिथल्या तिथे टाइप करायचं, अशी नोकरी. एकदा नापास झालेच होते. आज पुन्हा झाले असते तर वर्षभर अर्ज करता आला नसता, आणि बर्नीत माझ्याजोगं दुसरं काम नव्हतं. आईच्या आजारपणात मेलबर्नची नोकरी सोडून आले होते. परत जायचं म्हणजे बाबांना या घरात एकटं सोडायचं.

मी की-बोर्डवर मूठ आपटली.

"ब्रॉन, त्याने काय घोडं मारलंय तुझं?" बाबा स्वयंपाकघरातून ओरडले. रेडिओवर घोड्यांच्या शर्यती चालल्या होत्या.

"तुझ्या बायकोला विचार!" मी फटकन बोलून गेले.

रेडिओ बंद झाला.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "पण ती म्हणणार, परीक्षाच चुकीची आहे."

मला हसू आलं. पुढचं मिनिट मात्र आणखी वाईट गेलं. मी की-बोर्ड सोफ्यावर भिरकावला.

बाबा आले ते आइस्क्रीमची एक काडी आणि बॅटच्या मुठीला गुंडाळायची टेप घेऊन. "हात पुढे कर."

"हे काय?"

"आमच्या विकेटकीपरचा अंगठा मोडला की असंच बांधायचो. मग तो निमूट बसतो." त्यांनी माझा उजवा अंगठा काडीला घट्ट आवळला. "डाव्याने काम चालव. त्याला तिने काही शिकवलेलं नाही."

"मी मूर्ख दिसतेय, बाबा."

"परीक्षेला तोंड दाखवायचंय का?"

डावा अंगठा ठार अडाणी निघाला. कधी जागाच सुटेना, कधी भलतीच कळ दाबली जाई. वेग चाळिसाच्या खाली आला आणि मी अशा शिव्या घातल्या की बाबांनी खिडकी लावून घेतली. टोस्ट खायचा राहून गेला. दुपारपर्यंत तो अंगठा थोडा वळणावर आला, एवढंच.

परीक्षा सुरू झाली. डावा अंगठा सांगितल्याप्रमाणे एकदाच पडत होता. पण प्रत्येक वाक्य संपलं की काडीला बांधलेला उजवा उसळी मारायचा आणि टेप कातडीत रुतायची. शेवटपर्यंत त्याने ऐकलं नाही.

एकसष्ट.

बाबा दारात उभे होते. "आवाज वेगळाच येत होता," ते म्हणाले. "वाक्य कुठे संपतंय ते कळत नव्हतं. तिचं त्या दोन टकटकींवरून कळायचं." मग जरा घुटमळून, "झालीस पास?"

"झाले."

"मग सोड ती टेप. काळा पडेल अंगठा." ते वळले, पुन्हा थांबले. "आईच्या अंत्यविधीला लोक एवढे केक, सँडविच घेऊन आले होते. त्यांना आभाराचं पत्र जायचं राहिलंय."

ते मी तीन आठवडे टाळत होते. टेप सोडली. अंगठ्यावर काडीचा वळ उठला होता. कोरं पान उघडलं आणि लिहिलं : मॉरीनला निरोप द्यायला तुम्ही आलात.

अंगठा दोनदा पडला. टक टक.

बाबा रेडिओ लावायला म्हणून स्वयंपाकघरात गेले होते. पण रेडिओचा आवाज बराच वेळ आला नाही. मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.