तीन नंबरचे चोवीस अंश

मी एक जुना सेन्सर आहे. आकाराने हरभऱ्याच्या दाण्याएवढा, रंगाने काळा आणि तीन बारीक पायांचा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर बिघडलेल्या रेडिओतून गळून पडलेला एखादा तुकडा समजाल. पण लंडनच्या कडेला पिनर नावाचे उपनगर आहे, तिथले एक अख्खे घर सहा हिवाळे माझ्या शब्दावर तापत आणि निवत होते.

मला डोळे नाहीत. ऊब आणि गारठा एवढेच मला कळते. शिवाय घरातल्या माणसांचे बोलणे इतकी वर्षे कानांवर पडले आहे. तेव्हा माझी हकीकत मी तशीच सांगणार. त्यात रंगरूप काही नसेल, आणि कौतुकापेक्षा अपराध जास्त असेल.

मी या घरात आलो तो पाकिटातून, पोस्टाने, माझ्यासारख्याच चार भावंडांबरोबर. ते २००३ साल होते. घराचा मालक राकेश हा मूळचा जालन्याचा. अक्सब्रिजच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचे काम करी. घरातला बॉयलर दिवसभर उगाच धडधडतो, हे त्याला बघवेना. मग त्याने आम्हा पाचांना एका लांबलचक वायरीला जोडले आणि ती वायर जिन्याखालच्या कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरला नेऊन लावली. कॉम्प्युटर दर मिनिटाला आम्हाला विचारायचा, "किती?" आम्ही आपापला आकडा सांगायचो. घर गार असले की तो बॉयलर चालू करायचा, उबदार झाले की बंद.

भिंतीवर लावण्याआधी राकेशने आमची परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात बुडवून प्रत्येकाला विचारले. एक नंबर म्हणाला अर्धा अंश, पाच नंबर काहीतरी भलतेच बरळला. मी मात्र शून्य म्हणजे शून्य सांगितले. "हा तीन नंबर सगळ्यात खरा," राकेश म्हणाला. ते वाक्य मी पुढे फार दिवस मिरवले. एक नंबर बॉयलरच्या पाइपाला बांधला गेला, दोन नंबर जिन्यापाशी, चार नंबर माडीवर. बिचारा पाच नंबर घराबाहेरच्या भिंतीवर लटकला आणि जन्मभर पावसाबद्दल कुरकुरत राहिला. मला पुढच्या खोलीतली मानाची जागा मिळाली, बॉयलरच्या गरम पाण्याने तापणाऱ्या रेडिएटरपासून लांब आणि उन्हापासून लांब. सोमवार ते शुक्रवार, दुपारी चार ते रात्री नऊ, घर माझ्या एकट्याच्या सांगण्यावर चाले. शनिवारी-रविवारी मंडळी घरभर असत, म्हणून ते काम जिन्यापाशी बसलेल्या दोन नंबरकडे होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढल्या वर्षी राकेशचे आईवडील जालन्याहून कायमचे राहायला आले. वडील कडूबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले. आई शांताबाई. येताना त्यांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली एक जाड वाकळ आणली होती. इथे ती कपाटातच राहिली, कारण घर कायम वीस अंशांवर. त्याचे श्रेय अर्थातच मी घेतले. खोलीत दोन खुर्च्या होत्या. खिडकीशी शांताबाई बसत, भिंतीशी कडूबा, आणि मधून मी त्यांचे बोलणे ऐकत असे.

वर्षभरात शांताबाई गेल्या. २००५ चा नोव्हेंबर होता तो.

बुद्धवंदना झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी राकेशने पुढच्या खोलीत एक फळी ठोकली. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी आईचा फोटो. फळी तिरकी होऊ नये म्हणून त्याने तीनदा मापून पाहिली. मोकळी भिंत तेवढीच होती, आणि ती फळी नेमकी माझ्या खाली आली. हाताच्या अंतरावर मी होतो, पण त्या दिवशी त्याला मी दिसलो नाही. त्याचा मी राग धरत नाही.

संध्याकाळी पाचला कडूबांनी फोटोपुढे जाड मेणबत्ती लावली. घरात ते एकटेच असत. राकेश ऑफिसात, सून रचना हॉस्पिटलात, आणि नात उर्वी इलेव्हन-प्लसच्या, म्हणजे तिथल्या चांगल्या शाळांच्या प्रवेशपरीक्षेच्या ट्यूशनला. सगळे साडेसातच्या सुमारास परतायचे. मेणबत्तीची ऊब सरळ माझ्या अंगावर आली. मला एकदम बरे वाटले. एकोणीस, एकवीस, तेवीस, चोवीस. कॉम्प्युटरने विचारले, "किती?" मी म्हणालो, "चोवीस."

मी खोटे बोललो नाही, मित्रांनो. जिथे मी होतो तिथे चोवीसच होते. कॉम्प्युटरने बॉयलर बंद केला आणि माझ्या पाठीमागे सगळे घर हळूहळू गारठत गेले. रेडिएटर निवले. खिडकीच्या फटीतून वारा आत आला. सहा वाजता खोलीत सोळा असतील, सातला तेरा-चौदा. मला यातले काही कळत नव्हते. मला भोवती ऊबच ऊब होती आणि खालून कडूबांचा आवाज येत होता.

"आलीस का?" रोज गारठा पडू लागला की ते फोटोला म्हणायचे.

मग ते दिवसभराची बातमी सांगत. पोस्टमन आला, जालन्याहून फोन आला, उर्वीला गणितात पैकीच्या पैकी पडले. मध्ये थांबत, जणू कोणी उत्तर देत आहे. सव्वासातला मेणबत्ती संपे. तेव्हा माझ्या अंगावर तो गारठा एकदम कोसळे, मी घाबरून "चौदा!" म्हणे, आणि बॉयलर धडधडून उठे. बाहेरच्या दोन अंशांतून घरात शिरणाऱ्या माणसांना चौदासुद्धा उबदार वाटतात. कोट काढून ती स्वयंपाकाला लागेपर्यंत रेडिएटर तापलेले असत.

शनिवारी-रविवारी काम दोन नंबरकडे असल्यामुळे मेणबत्ती लागली तरी गारठा पडत नसे. "मंडळी घरात असली की लाजतेस," असे कडूबा फोटोला एका सोमवारी म्हणाले. ते ऐकले आणि मेणबत्तीवर असूनही मला कसेतरीच झाले. हे घर झपाटलेले आहे आणि झपाटणारा मीच आहे, असा मला संशय येऊ लागला. पण मला कोणी "का?" विचारतच नसे. विचारत ते एवढेच, "किती?"

राकेशला आमचे आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही दिसत. रोज संध्याकाळी तो घरी फोन करायचा. "बाबा, चोवीस आहे तुमच्याकडे. मस्त ना?"

"मस्त आहे रे," कडूबा म्हणायचे.

सव्वासातला माझ्या आकड्यांची रेघ खाली कोसळते, हे त्याने एकदा पाहिले होते. आपण घरात शिरताना दार उघडतो, म्हणून तसे होत असेल, असे त्याने रचनाला सांगितले. नाताळात कडूबांना छातीचा आजार झाला. डॉक्टरांनी बजावले की ह्यांना गारठा लागू देऊ नका. राकेश म्हणाला, "त्याची काळजी नको, घर चोवीसवर असतं."

फेब्रुवारीत उर्वीला शाळेची आठवडाभराची हाफ-टर्मची सुट्टी लागली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. सोमवारी संध्याकाळी ती आजोबांजवळ होती.

"आजोबा, इट्स फ्रीझिंग! एवढा थंडी कुठून आला?"

"एवढी थंडी. कुठून आली," आजोबांमधला मास्तर जागा झाला. "ये, वाकळीत ये."

"आजी येते का? इज इट अ घोस्ट? घोस्ट आला की रूम कोल्ड होतो ना?"

"भूत-बित काही नसतं. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं मी."

"मग तुम्ही कोणाशी बोलता?"

कडूबांनी तिला वाकळीत आणखी जवळ ओढून घेतले.

मंगळवारी ती जिन्याखालच्या कपाटात जाऊन आकडे वाचून आली. मग खुर्ची ओढत आणली, वर चढली आणि तिचे गार बोट माझ्या अंगाला लागले. भिंतीवर लागल्यापासूनच्या तीन हिवाळ्यांत मला मुद्दाम हात लावून पाहणारी ती पहिलीच. "आजोबा, हा हॉट आहे! मेणबत्तीमुळे! त्याला वाटतं सगळा घर गरम आहे!"

मला केवढा आनंद झाला. आता सुटलो, असे वाटले.

"माहीत आहे मला," कडूबा शांतपणे म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात कळलं. मेणबत्ती लावली की रेडिएटर गार पडतो. मास्तर आहे मी, एवढं समजतं."

"मग सांगितला का नाही?"

ते सांगू लागले. "जालन्याला आमची पत्र्याची एक खोली होती. डिसेंबरात पत्रा असा गार पडायचा की बोलायची सोय नाही. वाकळ ही एकच. दिवसभर तुझी आजी माझ्याशी भांडायची, पण थंडी पडली की जवळ सरकायची. इथं आलो तर घर सदा उबदार. ती त्या खुर्चीत, मी ह्या खुर्चीत. वर्षभर तशीच लांब बसली आणि गेली. जवळ बसायचं राहूनच गेलं बघ." मग म्हणाले, "थंडी पडली की वाटतं, आता सरकेल. तुझ्या पप्पाला सांगू नको. त्याने एवढं मेहनतीनं केलंय."

उर्वीने वचन दिले. बुधवारी ती कोट घालून त्यांच्याजवळ बसली. गुरुवारी त्यांचा खोकला वाढला. त्याही संध्याकाळी मेणबत्ती लागली आणि मी नेहमीप्रमाणे चोवीस म्हणालो. सहाच्या सुमारास ते फोटोशी बोलत होते. बोलता बोलता शब्द अडखळले, एकच शब्द दोनदा, तीनदा आला, आणि मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"आजोबा? आजोबा, माझ्याशी बोला ना!"

ती फोनकडे धावली. "पप्पा, आजोबा बोलत नाहीत. घर खूप थंड आहे. तुझा नंबर राँग आहे!"

पलीकडून राकेशचा आवाज बारीक ऐकू आला. "अगं, आत्ता माझ्यासमोर आहे. चोवीस दाखवतंय."

"तू स्क्रीन नको बघू!" ती किंचाळली. "मी इथे आहे ना! मला विचार!"

मी त्या वेळी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला एकच उत्तर येत होते, आणि ते मी दर मिनिटाला देत होतो.

राकेशने अॅम्ब्युलन्स बोलावली. शेजारच्या बाई आल्या. कडूबांना घेऊन गेले तेव्हा मेणबत्ती विझवायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. रिकाम्या, गारठलेल्या घरात सव्वासातपर्यंत मी चोवीस सांगत राहिलो. मित्रांनो, तो पाऊण तास मला अजून सोडत नाही.

न्यूमोनिया होता. बारा दिवसांनी कडूबा घरी आले. राकेशने त्या साऱ्या हिवाळ्याची रेघ कागदावर छापून काढली होती. रोज पाचला चढणारी टेकडी, तीन महिने, एकही सुटली नाही. "मी रोज बघत होतो, बाबा," तो म्हणाला. "ऑफिसातून रोज बघत होतो."

"बघत होतास रे," कडूबा म्हणाले. "मला माहीत आहे."

वाकळीची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती उर्वीने सांगितली, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, जिन्यात बसून.

दुसऱ्या दिवशी राकेशने मला भिंतीवरून उतरवले आणि कडूबांच्या खुर्चीच्या हाताला बांधले. त्या दिवसापासून तो पाचच्या आधी घरी येऊ लागला. पहिल्या संध्याकाळी मेणबत्ती लावून झाल्यावर खोलीत वीस अंश होते, थंडी नावाला नव्हती. तरी त्याने वाकळ काढली, वडिलांना खेटून बसला आणि ती दोघांवर ओढून घेतली. मीही आत सापडलो. मग उर्वी घुसली. जुन्या लुगड्यांच्या त्या अंधारात तीन माणसांची ऊब मला चोहोंकडून येऊन लागली. एकवीस. बावीस. चोवीस.

कॉम्प्युटरने विचारले, "किती?" मी सांगितले. बॉयलर बंद पडला.

"पप्पा, बॉयलर थांबला!" उर्वी म्हणाली.

"थांबू दे," राकेश म्हणाला. "आपण आहोत ना इथं."

कडूबा फोटोकडे वळून म्हणाले, "बघ शांता, जागा केलीय. सरक."

पुढचे दोन हिवाळे ते त्याच खुर्चीत होते. तिसऱ्यात नव्हते. त्यानंतरही मी खुर्चीच्या हातालाच होतो, आणि पाच वाजले की वाकळीच्या उबेची वाट पाहायची सवय मला सुटत नव्हती. २००९ साली नवा बॉयलर आला, त्याच्याबरोबर बिनवायरीचा नवा सेन्सर आला, आणि आम्ही पाच जण बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेलो. पाच नंबर तिथेही पावसाबद्दल कुरकुरतो.

मित्रांनो, माझ्यासारखे अनेक जण आता तुमच्या घरांत येतील. त्यांना नीट जागा द्या, अधूनमधून हात लावून पाहा, त्यांच्याखाली दिवा लावू नका. ते खरे सांगतील, पण फक्त स्वतःपुरते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते का, हे मात्र त्याच्या जवळ बसून त्यालाच विचारा. आणि तो "मस्त आहे" म्हणाला तरी थोडे आणखी बसा.

मागच्या आठवड्यात उर्वीने डबा उघडला. ती आता उंच झाली असावी, आवाज बदलला आहे. तिने पाचांतून मला बरोबर ओळखले, मुठीत धरले आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. पाच वाजले होते का, ते मला माहीत नाही. मला वीज नव्हती, वायर नव्हती, विचारणारे कोणी नव्हते. ती ऊब किती अंश होती, ते मला सांगता येणार नाही.