इंचाची नळी, मिलीमीटरचा पंप

मरणोन्मुख माणसाचा शब्द पाळणे हा धर्म आहे, आणि जे मागे उरणार आहेत त्यांना आगीच्या तोंडी न देणे हाही धर्मच आहे. हे दोन्ही एकाच वेळी दाराशी येऊन उभे राहिले, तर आधी कोणाला आत घ्यावे, हे सांगणारे अमरावतीत राजापेठेच्या गॅरेजात तरी चंद्रभानजींना कोणी भेटले नाही.

चंद्रभानजींच्या पत्नी मैनाबाई यांची फुप्फुसे निकामी झाली होती. डॉक्टरांनी हात टेकून घरी नेण्याची मुभा दिली. पण दर्यापूरजवळच्या गावी जायचे ते आपल्या जुन्या अँबेसेडरमधूनच, असा त्यांचा हट्ट होता. याच गाडीचे चाक स्वतः हाती धरून त्यांनी गावातल्या कितीक अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात पोचवले होते.

“त्या भोंग्याच्या गाडीत मले नेऊ नका,” श्वास सावरत त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. “अन् सोबत एखादा ड्रायव्हर घ्या. तुमच्याहून बरी त मीच चालवत होती.”

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीचा पंप बिघडला होता. नवा आणला, तर जुन्या नळीचा नट त्यात बसेना.

“नळी इंचाच्या आट्याची, काकाजी, पंप मिलीमीटरचा,” मेकॅनिक ताहेर म्हणाला. “नट दोन आटे चढते अन् अडते. अकोल्याले आमचा मेहुणा शाकीब हाय. त्याच्या लेथवर पितळेचा जोड करून आणतो, आतून इंची, बाहेरून मिलीमीटर. दुपार होईन.”

“दुपार? तिचा काय भरवसा, बाबू! सूत गुंडाळ, साबण लाव. आमच्या वक्ताले असंच चालत होतं.”

“चालत होतं. पन तवा मांगच्या सीटवर ऑक्सिजनचं नळकांडं नव्हतं.”

एवढे बोलून ताहेर अकोल्याची बस धरायला धावला.

चंद्रभानजी गाडीपाशी एकटे उरले. थोड्या वेळाने लेकीचा, प्रणालीचा, फोन आला.

“बाबा, आई इचारून राहिली, गाडी कुठं हाय?”

“निघालोच, सांग तिले.”

हे असत्य उच्चारल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी आट्यांवर सूत गुंडाळले, ओला साबण थापला आणि नट आवळला. इंजिन चालू झाले. क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. मग वास आला. जोडाखाली तळहात धरला, तर तो ओला झाला. थेंब तापत्या इंजिनाच्या अंगावर ओघळत होते. मागे नळकांड्याला टेकून बसलेली प्रणाली त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केले, आणि साबणाने भरलेले हात घेऊन ते बाकावर बसून राहिले.

ताहेर परतला तो घामाने निथळत. साबण पाहून म्हणाला, “सुतावरून सर्ग गाठाले निघाले होते काय, काकाजी?”

चंद्रभानजींनी बाकावरून उठून हात पुसले. ताहेरने आटे पुसून पितळेचा जोड बसवला, इंजिन चालवले आणि जोडाभोवती कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

दोघे गाडी घेऊन पोचले, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्रणाली उभी होती. ती रडत नव्हती.

“आईले जाऊन घंटाभर झाला, बाबा. फोनवर सांगवलं नाही. दाराकडंच पाहत होती.”

ताहेरने मान खाली घातली. “सकाळी मी साबण लावून देल्लं असतं त...”

“त काय झालं असतं, हे तुलेही नाही माहीत, मलेही नाही,” चंद्रभानजी म्हणाले. “चल, तू चालव.”

मैनाबाईंना मागच्या सीटवर निजवले. डोके लेकीच्या मांडीवर. नळकांड्याची आता गरज नव्हती. गाडी गावापर्यंत एकदाही अडखळली नाही, आणि तिचे ते निर्वेध चालणेच चंद्रभानजींना सोसवेना. वाटभर ते खिडकीबाहेर तोंड करून होते.

जी गेली तिला सद्गती लाभो. तिच्यासाठी जो वेळेत पोचू शकला नाही, त्याला रात्री झोप येवो. ज्याने थांबायला लावले त्याच्या हातांना यश असो, आणि त्या लेकीचे डोळे मोकळेपणी वाहोत.