आजीचं गोंदण

नवीन जालन्यातल्या फोटो लॅबमध्ये निगेटिव्ह ठेवून जायला धुळाजी काही केल्या तयार नव्हते.

"चार दिस कशाला लागतेत? यंत्रात घालायचं, फोटो काढायचा आन् आमचं आम्हाला परत द्यायचं," काउंटरमागच्या वसंताला ते म्हणाले.

"काका, आधीच्या लोकांचं काम पडलंय. नंबरानंच होईल."

धुळाजींनी मुलीकडं पाहिलं. मोनिका जालन्यातच एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. या लॅबचा पत्ता तिनंच शोधला होता आणि वडिलांना गावाहून, धावड्याहून, तिनंच बोलावून घेतलं होतं.

निगेटिव्हच्या पाच पट्ट्या होत्या. धुळाजींचे थोरले भाऊ गोरक्षनाथ फौजेत होते. सुट्टीवर येताना ते कॅमेरा आणायचे. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत तळाशी या पट्ट्या सापडल्या. उजेडात धरल्या की उलट्या रंगातल्या मेंढ्या दिसायच्या, आणि एका चौकटीत बसलेली एक बाई. ती धुळाजींची आई, गोपिकाबाई. तिचा एकही फोटो घरात नव्हता. मोनिकाच्या जन्माआधीच ती गेली होती.

"मोने, मोबाइलवर एकेका पट्टीचा फोटो घे," धुळाजी म्हणाले. "बदलली तर कळाया पाहिजे. आपल्या कडूबाच्या लग्नाची अख्खी कॅसेट अशीच गायब झाल्ती."

वसंताचा चेहरा पडला. त्यानं एक फॉर्म मोनिकापुढं सरकवला. "ताई, साधा स्कॅन करू का साफ? साध्यात फिल्मवर हाय ते सगळं येतं, धुळीसकट. साफमध्ये कॉम्प्युटर डाग-ओरखडे काढतो, चेहरा उजळ करतो. बरेच लोक साफच घेतात."

धुळाजी पट्ट्या मोजत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मोनिकाला वाटलं, इतकी जुनी फिल्म, साफ केलेलीच बरी. तिनं 'साफ'वर खूण केली आणि सही केली.

पुढचे चार दिवस धुळाजी रोज फोन करत राहिले. "तू जाऊन पाह्यलं का? दुकान उघडं हाय ना? दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यांत मिसळल्या तर?" ऐकून ऐकून मोनिकालाही धास्ती वाटू लागली. पाचव्या दिवशी पट्ट्या परत मिळाल्या आणि फोटो मोबाइलवर आले, तेव्हा तिला हायसं वाटलं. रविवारी वडील आले, तसा तिनं आजीचा फोटो उघडून त्यांच्या हातात दिला.

धुळाजींनी मोबाइल उजेडाकडं वळवला.

"ही कोण?"

"आजी ना, दादा."

"ही माय न्हाई."

मोनिका हसली, पण ते हसत नव्हते.

"कपाळावर गोंदण कुठंय? हनुवटीवर तीन टिपके व्हते. आन् ही गोरी हाय. माय सावळी बी नव्हती, काळी व्हती. लुगडं तिचं हाय, बसणं तिचं हाय, पण तोंड दुसऱ्याचं लावलंय."

मोनिकानं फोटो मोठा करून पाहिला. चेहरा मेणासारखा गुळगुळीत होता. एक सुरकुती नाही. मेंढ्यांमागं उन्हातान्हात फिरणाऱ्या बाईचं तोंड असं कसं असेल? आता तिलाही राहवेना. पट्ट्या घेऊन दोघं तडक लॅबमध्ये गेले.

"आमची पट्टी बदलली तुम्ही," धुळाजी दारातूनच म्हणाले.

"काका, बिलकुल न्हाई. मी कशाला बदलीन?"

"मंग ही बाई कुठून आणली?"

वसंता चिडला होता, पण त्यानं त्यांच्याकडून पट्टी मागून घेतली, खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवली आणि भिंग धुळाजींच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. निगेटिव्हमधे काळं ते पांढरं दिसतं."

धुळाजी वाकले. एक डोळा मिटून भिंगातून बघू लागले. मोनिका त्यांच्या पाठीशी उभी होती. त्यांनी भिंग हळूहळू चौकटीवरून सरकवलं.

"हायेत," ते हळूच म्हणाले. "तिन्ही टिपके हायेत. पांढरे."

वसंतानं सुस्कारा सोडला. "कॉम्प्युटरला ते डाग वाटले, काका. त्यानं पुसले. चेहरा उजळ करायचं तर..." त्यानं खणातून फॉर्म काढला. मोनिकानं आपली खूण आणि सही ओळखली. तिचे कान तापले.

"दादा, ते मीच निवडलं. साफ म्हणजे चांगलं, असं वाटलं मला."

धुळाजींनी तिच्याकडं वळून पाहिलं. "आजी काळी दिसाया नको व्हती का तुला?"

"तसं न्हाई, दादा. मी तिला पाह्यलंच न्हाई कधी."

धुळाजी वसंताकडं वळले. मग त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "पोरीला ठाऊक नव्हतं. तुला तर व्हतं ना? माणसाचं तोंड पुसायच्या आधी एकदा विचारायचं."

वसंतानं मान खाली घातली. "बराबर हाय. चुकलंच माझं." त्यानं स्टूल ओढून धुळाजींना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आता तुमच्यासमोर करतो. कायबी काढत न्हाई."

पट्टी यंत्रात गेली आणि पडद्यावर वरून खाली, एकेक ओळ करत, चित्र उतरू लागलं. आधी उन्हाचं आभाळ, मग पदर, मग कपाळ. कपाळावर गोंदण. डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. हनुवटीवर तीन टिपके. खांद्यावरून एक लांब ओरखडा गेला होता आणि सगळीकडं धुळीचे कण होते.

"ओरखडा तेवढा काढू का, काका? गोंदणाला हात लावत न्हाई."

"कशालाच हात लावू नको," धुळाजी म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली आणि ती मांडीवर तशीच राहिली.

उरलेल्या पट्ट्याही त्यांनी समोर बसून करून घेतल्या. दुपार उलटली, वसंतानं चहा मागवला, तरी ते पडद्यावरून नजर हटवेनात.

आठवड्यानं मोनिका मोठा फोटो घेऊन धावड्याला गेली. धुळाजींची थोरली बहीण उषाबाई मुद्दाम आली होती. तिनं फोटो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"मायच हाय," ती म्हणाली. मग हसली. "पण कशी रागानं बघून राह्यली! मेंढ्या पांगत आसतील, आन् ह्या गोरखनं फोटोसाठी बसवून ठेवलं आसंल."